यंत्राच्या शब्दावर किती विसंबावे?

नवी मुंबईतील बेलापूर ते पेंधर मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झाली. बेलपाडा हे तिच्या 11 स्थानकांपैकी एक. अशा स्थानकावर उद्या आग लागली आणि वाट दाखवायला रोबोट आला, तर प्रवासी त्याच्यामागे जातील का? बहुधा जातील, आणि काळजी त्याचीच आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी इमारतीत कृत्रिम धूर सोडला. आत येतानाची वाट माहीत असूनही सर्व 26 जण रोबोटमागे गेले. त्यांतल्या निम्म्यांनी काही मिनिटांपूर्वीच त्याला वाट चुकताना पाहिले होते!

बोलणाऱ्या यंत्राची भुरळ तर आणखी जुनी. 1966चा ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम माणसाचीच वाक्ये फिरवून प्रश्न विचारी, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळे करत.

विश्वास यंत्राच्या कुवतीइतकाच हवा, असे या विषयाचे अभ्यासक जॉन ली आणि कॅटरिना सी यांनी 2004मध्ये मांडले. मला ते पूर्ण पटते. आपल्या भाषेतला आवाज चटकन आपला वाटतो. म्हणूनच मराठी बोलणारी यंत्रे घडवणाऱ्यांनी त्यांना ‘मला खात्री नाही’ हेही स्वच्छ मराठीत सांगायला शिकवावे.