पनवेलच्या खाडीतून वीज निघेल का?

भरतीची वेळ काढायची आपली जुनी युक्ती आठवते ना? तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. इतकं नेमकं वेळापत्रक ना वाऱ्याला, ना ढगाळ दिवसातल्या उन्हाला!

गाढी नदी जिथे खाडीला मिळते, तिथे ओहोटीला उघडा पडलेला चिखल पाहिला की माझ्या डोक्यात आकडेमोड सुरू होते. एक चौरस किलोमीटरचं तळं बांध घालून भरतीला भरून घ्यायचं आणि ओहोटीला टर्बाइनवरून सोडायचं. पाण्यात चार मीटरचा फरक असेल, तर एका ओहोटीत कागदावर सुमारे 22 हजार युनिट. पण गोम अशी की ऊर्जा फरकाच्या वर्गाच्या पटीत बदलते. उधाणाच्या चार मीटरचे भांगाला दोन झाले, की हातात उरतात जेमतेम साडेपाच हजार. त्यातूनही यंत्रांची गळती वजा करा.

फ्रान्सचा रान्स प्रकल्प 1966 पासून चालू आहे, 240 मेगावॉटचा. दक्षिण कोरियाचा सिहवा 254. आपल्याकडे खंबातच्या आखातात फरक 11 मीटरपर्यंत जातो, तरी मोठा प्रकल्प अजून कागदावरच. खर्च परवडत नाही.

आणि पनवेलला? बांध घातला की गाळ साचणार, कांदळवन गुदमरणार, होड्यांची वाट अडणार. माझं मत विचाराल तर इथे बांध नकोच. पुलाखालच्या वाहत्या पाण्यात एखादं छोटं टर्बाइन प्रयोगापुरतं सोडून बघायला मात्र मजा येईल.