जपानची जुनी गाडी साक्रीत आणायची तर…

टोयोटा सेलिका (१९७०) किंवा डॅटसन २४०झेड (१९६९) यांवर जीव जडला असेल, तर एक गोष्ट सोयीची: जपानातही वाहने डावीकडून धावतात, स्टिअरिंग उजवीकडेच. बाकी वाट खडतर. परदेशातली वापरलेली गाडी साधारणपणे तीन वर्षांहून जुनी चालत नाही. व्हिंटेजची सवलत पूर्वी १९५०च्या आधीच्या गाड्यांपुरती होती; २०२५मध्ये ती पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांना मिळाली. म्हणजे नव्वदच्या दशकातली स्कायलाइन विसरा. सीमाशुल्कही गाडीच्या किमतीहून जड जाऊ शकते.

नोंदणीचे नियम २०२१चे. अर्जासोबत विमा आणि सीमाशुल्काचे ‘बिल ऑफ एंट्री’ लागते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. गाडी मूळ रूपातच हवी. पाटीवर धुळ्याचा ‘एमएच १८’ येत नाही. राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते.

खरी मेख पुढेच आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. धुळ्याच्या मेकॅनिककडे न्या, हरकत नाही; पिंपळनेरच्या बाजाराला मात्र दुसरी गाडी काढा.