पाऊणपट

मोदकपात्राचं झाकण तिसऱ्यांदा उघडायला लागलं तेव्हा काकू वैतागल्या. "पुरे गो आता. वाफ गेली की पाऱ्या तडकतात." सून ओट्याला टेकून फोन धरून उभी. पहिल्या वेळी कॅमेऱ्यावर वाफ धरली होती, दुसऱ्या वेळी मागची निळी बादली दिसली होती. "शेवटचं, आई. झाकण अगदी सुरुवातीलाच उघडलं पाहिजे. तीन सेकंदांत माणूस थांबला तर थांबला, नाहीतर अंगठा वर."

हे तीन सेकंद तिने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेले. मी होते त्या दोन दिवसांत ते तिच्या तोंडून दहा वेळा तरी आले असतील.

मी हरिहरेश्वरला गेले तीही अशाच एका रीलमुळे. पुण्यात रात्री अकरा वाजता झाकण उघडलं, तुपाची धार पडली, लाट फुटली आणि संपलं. ही लाट आणि ती वाफ यांच्यामध्ये घर कुठे आहे, ते बघावंसं वाटलं. आल्यावर पहिल्यांदा भेटला तो वास: चाळणीत मोदकांखाली घातलेल्या हळदीच्या पानाचा, ओला, थोडा औषधी. तो फोनमध्ये नव्हता. परत आल्यावरही माझ्या ओढणीला दोन दिवस होता.

घर पोफळीच्या वाडीत होतं. 'होतं' म्हणायचं, कारण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या या किनाऱ्यावर आलं आणि वाडी आडवी झाली. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे इथलं नगद पीक. नवं रोप लावलं तरी सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. वीज नव्हती, रेंज नव्हती, वर लॉकडाऊन. त्याच जूनच्या २९ तारखेला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केली. वादळाचा आणि रीलचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण या घरात तो जुळला. वाडी उभी राहीपर्यंत खायचं काय, तर मागच्या दोन खोल्या आणि काकूंचा हात. सून म्हणते, "पोफळीला सात वर्षं, रीलला तीन सेकंद."

गिऱ्हाईक आधीही येत होतं. दक्षिण काशी म्हणून, पेशव्यांचं कुलदैवत म्हणून लोक पिढ्यान्पिढ्या येतात. काकूंच्या कपाटात एक जाड वही आहे, त्यात पुणे, सातारा, दादर इथले पत्ते. काही नावांपुढे 'मुलगा आता येतो' असं लिहिलंय. या मंडळींना रील लागत नाही. ते फोन करतात आणि पहिल्यांदा काकूंचे गुडघे विचारतात.

रीलवाल्यांचं तसं नसतं, आणि खरं काम तिथे सुरू होतं. रील बघून माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. दिवाळी तोंडावर होती. मी बसले होते तेवढ्या तासाभरात चौदा चौकशा आल्या. रेट? एसी आहे का? रूममधून समुद्र दिसतो का? फायनल किती? लोकेशन पाठवा. लोकेशन पाठवलं की शांतता. रेंज फक्त माडीच्या उत्तरेकडच्या खिडकीत नीट येते, म्हणून फोन तिथल्या फळीवर ठेवलेला आणि सून भाकरी टाकता टाकता जिना चढते-उतरते. चौदांतल्या एकाचा आगाऊ हप्ता जमा झाला. जाहिरात फुकट आहे असं म्हणणाऱ्यांनी तो जिना मोजावा.

एका रीलकर्त्या जोडप्याने दोन रात्री फुकट मागितल्या होत्या. दिल्या. त्यांच्या रीलमध्ये झोपाळा आला, समुद्र आला, त्यांचे गॉगल आले. काकू आल्या नाहीत. सून हसून सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

एक रील मात्र ती टाकत नाही: प्रदक्षिणा मार्गावर फुटणाऱ्या लाटांची. पायऱ्या उतरून खाली गेलं की मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेले खडक लागतात. ओहोटीला तिथून देवाच्या डोंगराला फेरी घालता येते. भरतीला लाट खडकावर चढते. माणसं गेलीत तिथे, पाट्या लागल्यात. "ती रील चालली असती," ती म्हणाली, "पण पाहुणे मलाच विचारून खाली जातात."

त्याऐवजी रोज सकाळी तिचं स्टेटस असतं. आकडा सासरे झोपाळ्यावरून देतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी आश्विन वद्य दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. तिने टाईप केलं: 'आज पूर्ण भरती साडेसात. प्रदक्षिणेला दुपारी एकनंतर जा, आमच्याकडे विचारून.' मोदकांच्या रीलला हजारांनी लोक, याला एकवीस.

दुसऱ्या खोलीतल्या पार्टीने लगेच उत्तर धाडलं: 'म्हणजे साडेसातला लाटा मोठ्या मिळतील ना? शूट करायचंय.' सुनेने ते मोठ्याने वाचून दाखवलं. झोपाळा थांबला.

"त्यांना लिही," सासरे म्हणाले, "साडेसातला घावणे गरम असतात. नंतर मिळणार नाहीत."