एडिंबरो ट्राममार्ग
एडिंबरो ट्राममार्ग : स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथील विद्युत् ट्रामसेवा. पश्चिमेकडील विमानतळापासून प्रिन्सेस स्ट्रीट व लीथ यांमार्गे फोर्थच्या खाडीकाठच्या न्यूहेवनपर्यंत जाणाऱ्या या मार्गाची लांबी सु. १८·५ किमी. असून त्यावर २३ थांबे आहेत.

एडिंबरोत १८७१ मध्ये घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. पुढे त्या रस्त्याखालून फिरणाऱ्या पोलादी केबलच्या साहाय्याने ओढल्या जाऊ लागल्या. शेजारच्या लीथने मात्र १९०५ मध्ये विजेचा अवलंब केला. त्यामुळे दोन्ही नगरांच्या सीमेवरील पिलरिग येथे उतारूंना १९२२ पर्यंत गाडी बदलावी लागे. बसगाड्यांच्या प्रसारानंतर १९५६ मध्ये ट्रामसेवा बंद झाली.

नव्या मार्गास स्कॉटिश संसदेने २००६ मध्ये कायद्याने मान्यता दिली. विमानतळ ते न्यूहेवन या पहिल्या टप्प्यासाठी ५४·५ कोटी पौंडांची तरतूद होती. रुळांखाली येणारे पाण्याचे नळ, गॅसवाहिन्या व तारा आधी हलविणे आवश्यक होते. परंतु जमिनीखालील त्यांची स्थिती अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीची निघाली. विलंबाचा व वाढीव खर्चाचा भार कोणी सोसावा, यावरून नगर परिषदेची कंपनी व कंत्राटदार यांच्यात वाद झाला. २०११ मधील तडजोडीनंतर मार्ग शहराच्या मध्यभागातील यॉर्क प्लेसपर्यंतच ठेवण्यात आला. ३१ मे २०१४ रोजी सुरू झालेल्या या सु. १४ किमी. मार्गास ७७·६ कोटी पौंड खर्च आला. लॉर्ड हार्डी यांच्या चौकशी अहवालाने (२०२३) प्रामुख्याने त्या कंपनीस, तसेच नगर परिषदेस व स्कॉटिश मंत्र्यांस दोषी ठरविले.

गाड्यांना ७५० व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युत् प्रवाह वरील तारेतून मिळतो. प्रत्येक गाडी ४२·८ मी. लांब असून तीत सु. २५० उतारू मावतात. मूळ पूर्ण मार्गासाठी २७ गाड्या घेतलेल्या असल्याने पुढील विस्तारासाठी नव्या गाड्या घ्याव्या लागल्या नाहीत.

न्यूहेवनपर्यंतचा ४·७ किमी. विस्तार ७ जून २०२३ रोजी सुरू झाला. येथे रस्त्याचा प्रत्येक भाग एकदाच बंद करून नळ, तारा व रूळ यांची सर्व कामे एकत्रित उरकण्याची पद्धत अवलंबिली गेली आणि काम २०·७३ कोटी पौंडांच्या तरतुदीत पूर्ण झाले. कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवरील खोदकामात लीथच्या जुन्या दफनभूमीतील शेकडो मानवी सांगाडे सापडले.

उत्तरेकडील ग्रँटनपासून आग्नेयेकडील रॉयल इन्फर्मरी व बायोक्वार्टर या रुग्णालय-संशोधन परिसरापर्यंत व त्यापलीकडे मार्ग नेण्याची योजना आहे. तिच्याविषयी २०२५ मध्ये नागरिकांची मते मागविण्यात आली. ग्रँटनकडे जाण्यास दोन पर्याय मांडण्यात आले : एक, जुन्या लोहमार्गाच्या जागेवरील रोझबर्न वाटेने, दुसरा, टेल्फर्डने बांधलेल्या डीन पुलावरून. पहिल्या पर्यायात रुळांसाठी स्वतंत्र जागा मिळते, परंतु पादचारी व सायकलस्वार वापरत असलेल्या आणि झाडी व वन्यजीव यांचा आसरा असलेल्या वाटेला बाध येतो. दुसऱ्यात ती वाट वाचते. मात्र गजबजलेल्या रस्त्यांवरील जुन्याच अडचणींना पुन्हा तोंड द्यावे लागते.