सपाट पडदा आणि दोन न्याय

मंडळी, शेंगदाण्याच्या पुडीपासून सुरुवात करू. वर्तमानपत्राचा कागद एका कडेला धरून आडवा करा. तो लगेच लोंबतो. तोच कागद गुंडाळून पुडी केली की मूठभर शेंगदाणे पेलतो. कागद तोच, वजन तेच, फक्त आकारामुळे ताठपणा आला. तुमच्या घरातल्या बहुतेक स्पीकरांत शंकू असतो, तो याचसाठी. स्पीकरच्या पडद्याला हवा ढकलायची असते. त्यासाठी तो हलका हवा आणि ताठही हवा. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत, आणि शंकू त्यांच्यात समेट घडवतो. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी व्हॉइस कॉइलवर चालणारा शंकूचा स्पीकर मांडला. आजचा स्पीकर मुळात तोच आहे.

पण गंमत अशी की सपाट पडदा शंकूपेक्षा जुना. एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफमध्ये सपाट चकती होती. टेलिफोनमध्ये लोखंडाची होती. बालगंधर्वांच्या तबकड्या ज्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजल्या, त्यांच्या साउंडबॉक्समध्ये बहुधा अभ्रकाची सपाट चकती असे. मग शंकूनं बाजी मारल्यावर लोक पुन्हा सपाटाकडे का वळले?

कारण शंकूलाही खोड आहे. त्याला खोली असते, त्यामुळे मधला आणि कडेचा आवाज कानापर्यंत अगदी एका वेळी निघत नाही. शिवाय कंपनं जलद झाली की कड मध्यापेक्षा मागे पडते आणि शंकू स्वतःचंच काहीतरी बोलू लागतो. पडदा सपाट केला तर खोलीचा प्रश्न मिटतो, वाकण्याचा मात्र उभा राहतो.

त्यावर तीन वाटा निघाल्या. पहिली म्हणजे सपाट पण जाड करा. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. मग आत मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी आणि दोन्ही बाजूंना पातळ पत्रा, म्हणजे वजनही वाढत नाही. १९८० च्या आसपास सोनी आणि टेक्निक्सनं असे स्पीकर विकले. सोनीचा पडदा तर चौकोनी होता. दुसरी वाट म्हणजे पडदा ताठ ठेवायचाच नाही, पण ढकलणारं बल सगळ्या पृष्ठभागावर सारखं पसरायचं. मग वाकायला कारणच उरत नाही. पीटर वॉकर यांचा १९५७ चा क्वाड हा स्थिरविद्युत स्पीकर असा आहे, आणि अमेरिकेतले मॅग्नेपॅनही त्याच जातीचे, फक्त तिथे विजेऐवजी चुंबक. क्वाडच्या वाटेला घरी जाऊ नका. त्यात काही हजार व्होल्ट लागतात, आणि आमच्या चिंचोटीला जुलैमध्ये भिंतींना पाणी सुटतं. धूळ, दमट हवा आणि तो व्होल्टेज यांचं जमत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात विचार करण्याजोगी वाटते. १९९० च्या दशकात ब्रिटनमधल्या संरक्षण संशोधनातून ती निघाली आणि एनएक्सटी या नावानं बाजारात आली. ती म्हणते, पडदा वाकतोय ना? वाकू द्या. भरपूर वाकू द्या.

हे पटायला आधी तबल्याकडे यावं लागतं. साधं चामडं गोल कड्यावर ताणून वाजवलं तर त्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. पहिला उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या सुमारे १.५९ पट असतो. कानाला त्यात सूर सापडत नाही, ढब्ब असा आवाज येतो. तबल्यावर शाई चढवली की तेच उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जागांवर येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर, आपल्या मृदंग-तबल्याचं हे वैशिष्ट्य मांडलं. म्हणजे शाई भरणारा कारागीर पडद्याला स्वतःचा आवाज देतो.

पॅनेल बनवणाऱ्याला नेमकं उलटं करायचं असतं. त्याच्या फळीलाही स्वतःची कंपनं आहेतच, पण ती कुठेही एकमेकांवर येऊन बसता कामा नयेत. म्हणून फळी चौरस नको, आणि लांबी रुंदीच्या नेमकी दुप्पट नको. तिला हलवणारा एक्सायटरही बरोबर मध्यावर नको. ज्या कंपनांत मध्य स्थिर राहतो, ती मध्यावर ढकलून जागी होतच नाहीत. लांबीच्या चार-नवमांशावर एक्सायटर चिकटवतात, तो यासाठी. असं केलं की कंपनं दाट आणि विखुरलेली होतात. एक माणूस बोलला तर आवाज ओळखू येतो. विरार लोकलच्या भरल्या डब्यातला गलका मात्र कोणाचाच नसतो. पुष्कळ आवाज असल्यामुळेच ती फळी निःपक्षपाती होते. शंकूवाला म्हणतो, माझ्या पडद्यानं गप्प बसावं. पॅनेलवाला म्हणतो, त्यानं इतकं बोलावं की त्याचं असं काही ऐकू येऊ नये. तटस्थतेच्या या दोन अगदी वेगळ्या कल्पना आहेत, आणि हा फरक नीतिशास्त्राच्या वर्गातही मला कामाला आला असता.

आता आमचे नैयायिक. आवाज पसरतो कसा, यावर त्यांच्याकडे दोन दृष्टांत आहेत आणि विश्वनाथाच्या 'भाषापरिच्छेदा'त दोन्ही नोंदलेले आहेत. एक वीचीतरंगन्याय, म्हणजे पाण्यात एका लाटेतून पुढची लाट उठावी तसा एकच शब्द वर्तुळानं पसरत जातो. दुसरा कदंबगोलकन्याय, म्हणजे कदंबाच्या गोलावर सगळ्या बाजूंना एकदम केसर फुटावेत तसे दिशा-दिशांना वेगळे शब्द निघतात. त्यांच्यासमोर स्पीकर नव्हता, दृष्टांत मी उसना घेतो आहे. पण एकसंध हलणारी चकती पहिल्या न्यायानं चालते आणि वाकणारं पॅनेल दुसऱ्या. याचा हिशोबही होतो. २००० हर्ट्झला हवेतली तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर. पडदा त्याहून मोठा आणि एकसंध असेल तर आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर जातो, बाजूला बसलेल्याला कमी मिळतो. पॅनेल ६० सेंटिमीटरचं असलं तरी तसा झोत पडत नाही. फळीचा प्रत्येक तुकडा वेगळा हलतो, आणि स्वयंपाकघरातसुद्धा शब्द कळतात.

घरी मी केलंय ते असं. टीव्हीच्या खोक्यातलं घट्ट, बारीक दाण्याचं थर्माकोल, साधारण ६० बाय ५० सेंटिमीटर. भुसभुशीत घेऊ नका. दोन्ही बाजूंना पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात दिला. वाळला की त्याची साल होते आणि ताठपणा येतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक्सायटर, म्हणजे शंकू नसलेला स्पीकर, मागे चिकटवला आणि फळी दोरीनं टांगली. खाली जुना वूफर ठेवलाच. खालच्या पट्टीत फळीची कंपनं विरळ असतात, एकेक वेगळं ऐकू येतं, आणि पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खोडतो. डब्यात चारच माणसं असली की प्रत्येकाचं बोलणं कळतं, तसं.

ऐकताना दोन पथ्यं. दोन्ही स्पीकरांची पातळी सारखी करा, कारण जरा मोठा असलेला आवाज आपल्याला नेहमी चांगला वाटतो. आणि तारा बदलणारा दुसरा असू द्या, तुम्हाला कळू नये. आमच्याकडे हे काम नात करते. माझ्या वयाला वरच्या पट्टीतलं बरंचसं ऐकूच येत नाही, म्हणून झांजेबद्दल तिचाच निर्णय अंतिम. हायवेवरच्या ट्रकांमुळे आम्ही पहाटे बसतो.

निकाल दोघांचाही सारखा आला. तंबोऱ्याला पॅनेल. तो समोरून येत नाही, खोलीत असतो, आणि प्रत्यक्ष मैफलीतही तंबोरा असाच असतो. तबल्याला शंकू. 'ना'ची कड पॅनेलवर बोथट होते, कारण एका आघाताची लाट फळीत फिरत राहते आणि हळूहळू विझते.

मग खरा आवाज कोणता, असं कोणीतरी विचारेलच. मूळाशी पडताळा म्हणाल, तर ते मूळही एका पडद्यातून आलेलं आहे. स्टुडिओतल्या कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये काही मायक्रॉन जाडीचा सपाट पडदा असतो. आणि प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला आपला कानाचा पडदा सपाट नाही, तो आत ओढलेला उथळ शंकू आहे. त्यामुळे पडद्याविना ऐकलेला आवाज असा पडताळ्याला मिळत नाही. आपण करतो ती तुलना, आणि ती या रागाची, या खोलीतली, या कानांची. निर्णय त्यामुळे मनमानी ठरत नाही. नातीनं आणि मी वेगवेगळं बसून तेच सांगितलं.

एक्सायटरबद्दल एक सूचना राहिली. मे महिन्यात त्याचा चिकट पॅड सैल होतो आणि तो हळूहळू घसरतो. मागून एका लाकडी पट्टीचा आधार द्या, पण पट्टी फळीला कुठेही टेकू देऊ नका.