गायकवाडांची अगड

कुस्तीच्या जुन्या राजेशाही मैदानांत रायपूरचं नाव येत नाही, आणि त्याचं कारण राजकीय आहे. 1854 साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं, त्याबरोबर छत्तीसगडही इंग्रजांकडे गेलं. पैलवान पोसणारा दरबारच उरला नाही. इथली कुस्ती टिकली ती नागपंचमीच्या दंगलींत आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या आखाड्यांत. तिच्यासाठी दगडी तट बांधणारा धनी तिला लाभला नाही. व्हिक्टोरियाच्या अमदानीत मराठी राजाने कुस्ती कशी मिरवली हे पाहायचं तर बडोद्याकडेच वळावं लागतं.

बडोद्याच्या पाणीगेटकडची अगड ही मुळात हत्तींच्या झुंजीची, साठमारीची जागा. भोवती जाड भिंती आणि त्यांत जागोजागी अरुंद दारं. माणूस त्यातून निसटावा, हत्ती अडावा, असा हिशेब. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात (1856 ते 1870) तिचा थाट शिगेला पोचला. महाराजांना हिऱ्यांचा शौक आणि कुस्तीचा नाद, दोन्ही सारखेच. 1860 च्या दशकात लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी त्यांचा पाहुणा होता. हत्तींच्या झुंजी, दरबारी पैलवान आणि त्यांचा खुराक यांबद्दल त्याने भरभरून लिहिलं. वज्रमुष्टीचंही वर्णन त्याने केलं: हातात शिंगाची नखं, अंगावर हार, आणि रक्त निघालं तरी न थांबणारी झुंज. पाहुण्याला राजा दाखवील तेच दिसतं, हे धरूनही त्याचं वर्णन अंगावर येतं. मला मात्र त्यात एक गोष्ट खटकते. एवढ्या पसाऱ्यात पैलवान हा कार्यक्रमाचा एक भाग होता, हत्ती-गेंड्यांच्या पंगतीतला.

1875 साली खंडेरावांनंतर गादीवर आलेल्या मल्हाररावांना पदच्युत केलं गेलं आणि कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर आला. त्याच नोव्हेंबरात युवराज एडवर्ड बडोद्याला आले. त्यांच्यासाठीही अगड सजली, कुस्त्या झाल्या, हत्ती झुंजले. मल्हाररावांवरच्या विषप्रयोगाच्या खटल्याने हादरलेल्या दरबाराने सरकारपुढे आपलं वैभव मांडलं ते असं.

पुढे बडोद्याच्या व्यायामाची सूत्रं अगडीबाहेर गेली. जुम्मादादांची व्यायामशाळा आणि त्यांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी मल्लविद्या मध्यमवर्गाच्या पोरांपर्यंत नेली. लाठी, लेझीम, मल्लखांब, हाडवैद्यकी, सगळं एका छताखाली. राजाच्या करमणुकीची गरज मग उरली नाही.

कोल्हापुरात उलटं झालं. तिथेही साठमारी होती, पण शाहू महाराजांनी 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं प्राचीन रंगमंडळ पाहिलं आणि त्यानंतर खासबागचं कुस्तीमैदान उभारलं. 1912 साली तिथे इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती लागली. मध्ये हौदा, चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, आणि शेवटच्या माणसालाही डाव दिसेल अशी उतरण. हत्तीसाठी तिथे जागाच ठेवलेली नव्हती. म्हणूनच खासबाग पुढेही गजबजत राहिलं आणि अगड मात्र वस्तीत हरवली.

बडोद्याने दगडाऐवजी कागदावर मात्र पुष्कळ राखलं. द. चिं. मुजुमदार यांच्या संपादनाखाली मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड तिथूनच निघाले. शेवटचा खंड 1949 चा. त्याच वर्षी मे महिन्यात बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.