तिसरं मूल आणि महिन्याचा हिशेब

मुंबईच्या २००९च्या मानव विकास अहवालात गोवंडीचा एम-पूर्व प्रभाग तळाला होता. देवनार कचराभूमीलगतच्या शिवाजीनगर, बैंगनवाडीत जरीकाम, शिलाई, कचरावेचणी. मजुरी नगावर, खाडा झाला की कमाई बुडाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात शाळेचं तोंड न पाहिलेल्या स्त्रियांचा जननदर २.८, बारा वर्षं किंवा जास्त शिकलेल्यांचा १.८, महाराष्ट्राचा एकूण १.७. म्हणून जास्त मुलांचं सगळं खापर अडाणीपणावर फोडणं सोपं, पण अर्धवट. पेन्शन नसलेल्या घरात मुलगा हीच म्हातारपणाची काठी. त्याच घरात इंग्रजी शाळेची फी, ट्यूशन आणि खोलीचं डिपॉझिट आलं की तिसऱ्या मुलाचा विचार मागे पडतो. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतं. दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. त्यासाठी रोज बुडवायचा का, हाही हिशेबच.